काटा मध्येच होता

माझ्या मनात कुणाबद्दल राग बसला की तो लवकर उठत नाही. स्वभाव तसा आहे आणि मी तो कधी लपवला नाही. पंधरा वर्षांपूर्वी ज्या व्यापाऱ्याने ओली सुपारी सुकी म्हणून माझ्या गळ्यात मारली, त्याच्या दुकानात मी आजही पाणी पीत नाही. चुलतभावावरचा रागही मी तीन वर्षं असाच सांभाळला. त्याचं मला ओझं वाटत नव्हतं. आपण खरे आहोत म्हणूनच आपल्याला एवढा राग येतो, असं वाटायचं.

आमचं गाव दिवेआगरच्या अलीकडे. घरची वाडी लहान आणि वाटेकरी पुष्कळ, म्हणून सतराव्या वर्षी मी दुसऱ्यांच्या सुपाऱ्या पोत्यांत भरून माणगावच्या बाजारात न्यायला लागलो. भाव करायला तिथेच शिकलो. समोरच्याचा पहिला भाव ऐकायचा, हसायचं आणि उठून चालू लागायचं. बहुतेक वेळा मागून हाक येतेच. नाही आली, तर परत फिरून त्याला झेपणार नाही असं काहीतरी मागायचं. मग तो बिचकतो आणि आपल्याला हवं तिथे येतो. एवढ्या विद्येवर मी घर बांधलं, बहिणीचं लग्न केलं, आणि वादळाने वाडीतल्या पोफळी आडव्या केल्या तेव्हा कपाळाला हात लावून न बसता सात सीटर गाडी घेतली. माणगाव स्टेशनला उतरणाऱ्या पर्यटकांना किनाऱ्यावर आणायचं आणि सुट्टी संपली की परत सोडायचं, हे काम.

गाडी माझी, चालवायला चुलतभाऊ. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणतो. उरणच्या बंदरातून त्याने बारा वर्षं कंटेनर ओढले होते. मला गाडी शिकवली तीही त्यानेच, म्हसळ्याच्या पुढच्या घाटात. शेजारी बसून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "मी बघत न्हाय, ऐकतोय. तिसरा टाक. इंजिन रडतंय, ऐकू येत न्हाय का तुला?"

त्याच घाटात माझी गाडी बंद पडली. मे महिन्याची दुपार होती, गाडीत सहा माणसं आणि टपावर सामान. दादाचा फोन आला तसा मी मोटारसायकलने निघालो. जाऊन बघतो तर बॉनेट उघडं, पांढरी वाफ, आणि प्रवासी आंब्याच्या सावलीत बॅगांवर बसलेले. त्यांची रेल्वे गेली होती. त्यांच्यातला एक गृहस्थ मला सगळ्यांदेखत म्हणाला, "माणसं न्यायच्या लायकीची गाडी तरी ठेवा." आयुष्यात मी पुष्कळ ऐकून घेतलं आहे, पण ते वाक्य माझ्या अंगाला चिकटलं.

गाडी ओढून कंपनीच्या वर्कशॉपला नेली. दोन दिवसांनी तिथला सुपरवायझर म्हणाला, "पाण्याचा पाइप फुटलाय, इंजिनाचं हेड वाकलंय. इंजिन तापलं असताना तशीच ओढलीय गाडी. तुमच्या ड्रायव्हरने काटा बघितलेला नाही."

काटा म्हणजे वेगाच्या आकड्यांशेजारी असतो तो लहान काटा, इंजिनातलं पाणी किती तापलं आहे ते दाखवणारा. एका टोकाला निळी खूण, दुसऱ्या टोकाला लाल. गाडी सुरू केल्यावर पाचेक मिनिटांत तो मध्यावर येतो आणि तिथे राहतो. लालकडे सरकला की गाडी थांबवायची, हे शिकाऊ माणसालाही कळतं.

त्या संध्याकाळी देवळासमोरच्या पारावर मी दादाला गाठलं. दहाबारा माणसं बसली होती. बाजूला नेऊन बोलता आलं असतं. मी नेलं नाही.

"दादा, काटा कुठे होता?"

"मध्ये."

"मध्ये म्हणजे?"

"मध्ये म्हणजे मध्ये. रोज असतो तिथं. वास आला तशी मी बाजूला घेतली."

"आणि लाल झाला तेव्हा कुणाशी फोनवर बोलत होतास?"

"लाल झालाच न्हाय. सांगतोय ना, काटा मध्येच होता. शेवटपर्यंत मध्येच होता."

"म्हणजे कंपनीचा काटा खोटा, वर्कशॉपचा माणूस खोटा, मी खोटा, आणि तू एकटा खरा."

पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "अरे, हळू. देवळासमोर हाव आपण."

"देवळासमोर हाव तर बरंच झालं," मी म्हणालो. "दादा, नारळावर हात ठेवून सांग."

आमच्याकडे ग्रामदेवतेसमोर नारळावर हात ठेवायला लावतात तो बांध सरकवल्याच्या नाहीतर चोरीच्या प्रकरणात, आणि तेही वर्षानुवर्षांत एखाद्या वेळी. एकदा हात ठेवला की गाव तो विषय बंद करतं; पुढचं देवाने बघायचं. खोटा हात ठेवणाऱ्याच्या घरावर वर्षाच्या आत काहीतरी येतं, असं मानतात. गाडीच्या काट्यावरून असं काही कुणी मागितलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. पण मला दादाला शपथ घालायचीच नव्हती. सौद्यात मागतो तसं झेपणार नाही असं मागितलं होतं. तो बिचकेल, "जाऊ दे, चुकलं माझं" म्हणेल, आणि मी चार शब्द बोलून त्याला परत गाडीवर घेईन, असा माझा हिशेब होता.

दादा उठला. चपला पारावरच राहिल्या. गुरवाला म्हणाला, "दार उघडा."

त्याने उजवा हात नारळावर ठेवला आणि सांगितलं की काटा मध्येच होता. आवाज मोठा नव्हता. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. खरं तर तिथेच मी मान खाली घालायला हवी होती. पण मला वाटलं, हा तर देवालाही फसवायला निघाला. माझा राग कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. दुसऱ्या दिवशी मी गाडीची दुसरी चावी त्याच्या घरून मागवून घेतली.

अकरा महिन्यांनी दादाला लकवा झाला. उजवी बाजू. पाय हळूहळू परत आला, हात आला नाही.

गाव काय म्हणालं ते सांगायला नको. ज्या हाताने नारळ धरला तोच गेला, हे आधी नळावर, मग दुकानात, मग उघड पारावर बोललं गेलं. मी कधी म्हटलं नाही. पण कुणाला थांबवलंही नाही. एकदा माणगावच्या बाजारात एका ओळखीच्या व्यापाऱ्याने विचारलं, "तुझ्या त्या भावाचं काय झालं म्हणे?" तेव्हा मी "देव बघतो" एवढंच म्हणालो. ते दोन शब्द मी बोललो आहे आणि बोलताना मला बरं वाटलं होतं. हे लिहिताना तो भाग गाळावा असं दोनदा मनात आलं.

नंतर गाडीवर तीन ड्रायव्हर आले आणि गेले. एकावरही माझा विश्वास बसला नाही. माणगावच्या एका गाडीच्या सामानाच्या दुकानात सीटची कव्हरं घ्यायला गेलो असताना दुकानदाराने काचेच्या कपाटातून एक डबी काढली. दोन काडेपेट्या शेजारी ठेवल्या तर होतील एवढा काळा पडदा, मागे एक वायर, वायरीच्या टोकाला रुंद पिन.

"शेठ, बसा ने. हे बघा. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं. पाणी किती तापलं, बॅटरी किती, सगळं आकड्यात. जास्त तापलं तर बोंब मारणार. ड्रायव्हर झोपला तरी हे झोपणार नाही."

ड्रायव्हर झोपला तरी, हे ऐकून मी ते घेतलंच. भावावरून अर्धा तास घासाघीस केली, ती नेहमीचीच. शेवटी तो लावून द्यायचे वेगळे मागायला लागला तसा मी डबी उचलली. "ठेव तुझी मजुरी. मी लावतो."

"शेठ, वायर आतून फिरवावी लागते."

"मी पोफळीवर चढून सुपारी काढलेला माणूस आहे. वायरीचं मला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात, माडाच्या सावलीत गाडी लावली आणि कामाला लागलो. डबीतल्या कागदावर इंग्रजी आणि चिनी अक्षरं होती, आणि एक चित्र. त्यात स्टेअरिंगखाली बाण काढलेला. मी सीट पूर्ण मागे सारली, पाय बाहेर ठेवले आणि डोकं क्लचपाशी घालून उताणा पडलो. वरच्या बाजूला, हाताने चाचपल्याशिवाय कळणार नाही अशा जागी, प्लास्टिकचं एक झाकण होतं. ते काढल्यावर आत सॉकेट सापडलं, वरून रुंद, खालून अरुंद, दोन ओळींत सोळा भोकं. मिस्त्री लोक स्कॅनर लावतात ते हेच. एवढी वर्षं गाडी वापरली, पण तिच्या या तोंडाकडे मी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

पिन उलटी बसत नाही, हे बरं आहे. तरी मी ती आधी उलटीच दाबली आणि गाडीच्या कंपनीला शिवी दिली. मग सरळ बसवली. वायर फ्यूजच्या डब्यामागून वर घेतली. दाराच्या रबराची कड नखाने उचलून तिच्याखाली दाबत दाबत काचेपर्यंत नेली. ब्रेकच्या दांड्याजवळ ती लोंबत होती, तिथे प्लास्टिकच्या पट्टीने बांधली, नाहीतर पायात आली असती. पडदा स्टेअरिंगच्या उजवीकडे, काट्यांच्या शेजारीच चिकटवला. चावी फिरवली. काही नाही. परत खाली गेलो. पिन अर्धीच आत गेली होती. अंगठ्याने जोर दिल्यावर टक्क आवाज आला आणि वर पडद्यावर निळा उजेड पडला.

सुरुवातीला बॅटरीचा आकडा आला, बारा पॉइंट तीन. गाडी सुरू केली तसा तो चौदावर गेला. मग बाजूचं बटण दाबून धरलं, आकडे फिरले, आणि पाण्याची उष्णता लागली. एकतीस. बत्तीस. गाडी उभ्या जागी गरम होत होती आणि मी आकडा चढताना बघत बसलो. पंच्याऐंशीला तो थांबला. शेजारचा काटाही तोवर मध्यावर येऊन स्थिर झाला होता. दोघांचं जमलं म्हणून मला समाधान वाटलं. बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "माणसाचा ताप बघायचं यंत्र घरात न्हाय, गाडीचा आणलात."

महिनाभर मी आकड्यावर खूश होतो. मग एका दुपारी ड्रायव्हर आला नाही म्हणून मीच प्रवासी घेऊन माणगावला निघालो. पुन्हा सहा माणसं, पुन्हा ऊन, गाडीत एसी चालू. घाट चढायला लागलो आणि आकडा हलला. ब्याण्णव. सत्त्याण्णव. एकशे एक. एकशे चारला पडदा बोंबलला. मी काट्याकडे पाहिलं. काटा मध्यावर.

मी गाडी बाजूला घेतली, एसी बंद केला, इंजिन चालू ठेवलं. आकडा उतरत नव्वदवर आला. काटा होता तिथेच. माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट अशी, की दुकानदाराने खोटा माल दिला. माणसं स्टेशनला सोडली आणि तसाच त्याच्या दुकानात गेलो.

"हा डबा परत घे. काटा मध्ये आहे आणि हा एकशे चार सांगतो. भर घाटात माणसांना घाबरवलं यानं."

"शेठ, आवाज कमी करा ने, गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईकानेही ऐकू दे काय विकतोस ते."

तो बाहेर जाऊन समोरच्या झाडाखालच्या गॅरेजमधून मिस्त्रीला घेऊन आला. हे चाचा म्हणजे साठीचे, सगळं माणगाव त्यांना ओळखतं, मीही ओळखतो. त्यांनी माझा पडदा काढला, त्याच सॉकेटला स्वतःचा मोठा स्कॅनर लावला, आणि रेडिएटरसमोर पुठ्ठ्याचा खोका उभा केला, हवा अडवायला. मग म्हणाले, "चालू कर. आता दोन्ही बघ. काटा पण, आकडा पण."

आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. चाचांच्या स्कॅनरवर नव्वद, अठ्ठ्याण्णव, एकशे तीन. एकशे आठला चाचांनी खोका काढला. काटा केसभरही हलला नव्हता.

"काटा बिघडलाय," मी म्हणालो.

"काटा नवा असल्यापासून असाच आहे, शेट. गिऱ्हाईक काय करतं? काटा जरा हलला की पळत शोरूमला जातं. म्हणून काट्याला मध्ये बांधून ठेवतात. कॉम्प्युटरला सगळं मालूम असतं, पण तो काट्याला सांगत नाही. पाणी उकळायला येईपर्यंत सब ठीक आहे, असंच सांगतो."

"उकळायला आल्यावर तरी?"

"पाणी असेल तर. पाइप फुटून पाणीच निघून गेलं, तर सेन्सर कोरडा. कोरड्याला काय कळणार? काटा मध्येच."

मी गाडीच्या दाराला धरून उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, "शेठ, पाणी देऊ?" मला वाटतं, मी हो म्हणालो.

नंतर मी चाचांवरच ओरडलो. दुसरं कुणी समोर नव्हतं. "तीन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत हे?"

"तेव्हा मला विचारलंस तू? गाडी कंपनीत नेलीस. आपण रस्त्यावरचे मिस्त्री."

घरी आलो आणि आठ दिवस कुणाला काही बोललो नाही. दुकानदाराला माझ्या भावाचं प्रकरण माहीत नव्हतं. चाचांना असेल, पण ते आमच्या गावात येत नाहीत. मी गप्प राहिलो असतो तर कुणालाही कळलं नसतं. वर्कशॉपच्या सुपरवायझरवर मी त्या आठ दिवसांत मनातल्या मनात खूप राग काढला, कंपनीवर काढला, काट्यावर काढला. तो राग चुकीचा नव्हता आणि आजही गेलेला नाही. पण नारळ मागितला होता मी. तो वर्कशॉपने मागितला नव्हता.

नवव्या दिवशी जेवताना बायकोला सांगितलं. तिने वाढणं थांबवलं.

"तुम्हाला ठाऊक हाय का, दादा देवळात जात न्हाईत आता?"

"रोज सकाळी देवळापाशी दिसतो मला."

"पाशी. उंबऱ्याबाहेर. आत न्हाय. जाऊबाई सांगत होत्या, रात्रंदिस एकच बोलतात. म्हणतात, मी बघितलंच नसेल. मला वाटलं असेल बघितलं. न्हायतर हात कशाला जाईल?"

मी ताटावरून उठलो.

दादा पडवीत बसला होता. पुढ्यात सुपाऱ्यांचं सूप. डाव्या हाताने एकेक उचलून फुटकी बाजूला टाकत होता. उजवा हात मांडीवर, जणू कुणी दुसऱ्याने आणून ठेवलेला. वहिनी दारात आल्या आणि मला बघून आत गेल्या नाहीत, तिथेच उभ्या राहिल्या. तीन वर्षांत मी त्या पडवीत पाऊल ठेवलं नव्हतं.

"दादा, तो काटा हलत नाही," मी म्हणालो. एवढं वाक्य मी वाटेत जुळवलं होतं, बाकीचं सगळं विसरलो.

"कुठला काटा?"

मी सांगायला लागलो. पडदा, सॉकेट, घाट, चाचा, खोका. दादा सुपारी निवडत राहिला. माझं संपल्यावर त्याने विचारलं, "तुला कुणी सांगितलं हे?"

"मी स्वतः बघितलं."

"मला दाखव."

गाडी त्याच्या अंगणात आणली. वहिनींनी त्याला धरून आणलं, पण ड्रायव्हरच्या सीटवर तो स्वतः बसला. मी शेजारी. खोका वहिनींच्या घरातलाच घेतला, बिस्किटांचा. गाडी सुरू केली. दादा कधी पडद्याकडे बघायचा, कधी काट्याकडे. शंभर झालं. एकशे चारला पडदा ओरडला तेव्हा वहिनी दचकल्या. दादाने मान पुढे नेऊन काट्याजवळ डोळे नेले.

"मध्येच हाय," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे मी बघितला होता."

"बघितला होतास, दादा."

एकशे सहा. एकशे सात. त्याने डावा हात आडवा नेऊन चावी बंद केली. "बस कर. इंजिन जाईल तुझं."

मला तिथे रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला बोलायची सवय, मी बोलायला लागलो. पनवेलला चांगला डॉक्टर आहे, हाताला व्यायाम देतो. आठवड्यातून दोनदा मी स्वतः नेईन, आणीन. घरातल्या चारदोन जाणत्यांना बोलावू, त्यांच्यासमोर मी चूक कबूल करतो. गावभर कशाला करायचं, आपल्या घरातली गोष्ट.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, भाव करताय का?"

"तसं नाही वहिनी."

"तसंच हाय. हात ठेवायला लावलात तवा घरात लावलात का? देवळात लावलात, सगळ्या गावासमोर. मग बोलायचं ते बी तिथंच बोला. कमी न्हाय आणि जास्त न्हाय. डॉक्टरचं आम्ही बघू आमचं."

मी दादाकडे पाहिलं. तो मध्ये पडेल, "जाऊ दे गं" म्हणेल, असं वाटलं. तो अजून काट्याकडेच बघत होता. गाडी बंद झाल्यामुळे काटा खाली निळ्यावर येऊन पडला होता.

मी म्हणालो, "सोमवारी."

त्या सोमवारी पारावर बसणारे सगळे आले होते आणि न बसणारेही. माझं सांगून झाल्यावर कुणी काही विचारील, एखादा टोमणा मारील, म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी नारळावर हात ठेवला आणि सांगितलं, की भावाने खरं सांगितलं होतं. काटा मध्येच होता. शपथ मी मागितली ती त्याला वाकवायला मागितली. त्याचा हात गेला तो आजाराने गेला, खोटेपणाने गेला नाही, आणि तसं जो बोलेल तो माझ्याशी बोलेल. शेवटचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. ते रागाने निघालं.

कुणी काही विचारलं नाही. पारावरचा तोच म्हातारा म्हणाला, "तीन वर्सं आमी बी बोललो रे." आणि त्याने टोपी काढून हातात घेतली. बाकीचे जमिनीकडे बघत होते.

दादा उंबऱ्याबाहेर उभा होता. वहिनी म्हणाल्या, "चला," तसा तो पाय ओढत आत आला.

आमच्याकडे असं प्रकरण मिटलं की नारळ फोडतात आणि ज्याने आळ घेतला त्याने स्वतः खोबऱ्याचा तुकडा दुसऱ्याला द्यायचा असतो. त्याने तो घेतला की मिटलं. गुरवाने नारळ फोडला आणि तुकडा माझ्या हातात दिला. मी तो दादापुढे धरला. दादाने डावा हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. देवळात प्रसाद डाव्या हाताने कुणी घेत नाही. हात कुठे न्यायचा ते दादाला कळेना.

वहिनी पुढे झाल्या. त्यांनी त्याचा उजवा हात मनगटाखाली धरून उचलला आणि तळवा वर करून माझ्यासमोर धरला. मी तुकडा ठेवला. बोटं मिटली नाहीत. वहिनींनी ती एकेक करून त्याच्यावर मिटवली आणि आपल्या हाताने दाबून धरली. तसेच ते दोघं बाहेर पडले, पायऱ्या उतरले आणि वाडीच्या वाटेला लागले.

त्याने तो तुकडा तिथे खाल्ला नाही. घरी जाऊन खाल्ला की नाही, मला माहीत नाही. आता आम्ही भेटतो, बोलतो, पावसापाण्याचं, सुपारीचं. तेवढं विचारायला माझी जीभ उचलत नाही.